जगदाळे सरांचा कफ

जगदाळे सर गेल्याची बातमी सकाळी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आली आणि दुपारपर्यंत ते ज्ञानमहर्षी, ऋषितुल्य आणि चालतंबोलतं विद्यापीठ झाले होते. मी सगळं वाचलं आणि काही लिहिलं नाही. सरांबद्दल मला जे माहीत आहे ते हात जोडलेल्या चित्राखाली बसणारं नाही. सांगलीत विश्रामबागेत छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे, तिथली लॅब मी बघते. सरांचा कफ मी सहा वर्षं तपासला. त्याच्याआधी, लहानपणी, तीन वर्षं त्यांनी मला शास्त्र शिकवलं. दोन्ही वेळा प्रकार साधारण सारखाच होता. मी विचारायचे, ते ठणकावून सांगायचे, आणि सांगितलेलं चुकीचं असायचं.

आमची शाळा शिराळ्याजवळच्या एका गावात. सर तिथं शास्त्राला होते, पुढं मुख्याध्यापक झाले. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, त्यांतलं एक कायम लाल. शरीराचं संरक्षण हा धडा ते नाटक करून शिकवायचे आणि त्याची कीर्ती तालुकाभर होती. दोन उनाड पोरं जंतू व्हायची. दहा पोरं हातात फूटपट्ट्या घेऊन पांढऱ्या पेशी, म्हणजे सैनिक. घराघरातून फौजेत माणसं असलेलं गाव ते, पोरांना फार मजा यायची. आम्ही मुली म्हणजे शरीर.

"शरीरानं काय करायचं?" सर विचारायचे.

आम्ही एका सुरात म्हणायचो, "गप्प बसायचं."

शाळेतला सूक्ष्मदर्शक मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवला, हे मी नाकारत नाही. म्हणजे त्याची लाकडी पेटी दाखवली. आत डोळा लावायची पाळी मुलींपर्यंत येईतो घंटा व्हायची.

सात वर्षांपूर्वी ते दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांना आवाजावरून ओळखलं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ते आमच्या फलकावरची चूक लाल पेनानं दुरुस्त करत होते आणि रिसेप्शनवरच्या मुलीला ऱ्हस्वदीर्घ शिकवत होते. दोन वाक्यांत तीनदा दम घ्यावा लागत होता, तरी वाक्य सोडत नव्हते. शेजारी त्यांची बायको बसली होती. बारीक, काळीसावळी, पदर तोंडाशी धरलेला. गावात तिला सगळे काकू म्हणायचे. मीही म्हणायचे.

"काय गं पाटील," सर म्हणाले. माझं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, पण हजेरीपटात होतं तेच नाव त्यांच्या लेखी खरं. "इथं काय करतेस? कारकून?"

"लॅबमध्ये आहे, सर. तुमचा कफ माझ्याकडंच येणार."

"बरं झालं. आपलं माणूस आहे."

आजार नवा नव्हता. चाळीस वर्षं विडी. श्वासनळ्या सुजून अरुंद झालेल्या, फुप्फुसाचे फुगे सैल पडलेले. हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो, आणि सांभाळायचं मुख्य काम म्हणजे छातीत जंतुसंसर्ग होऊ न देणं. प्रत्येक संसर्ग जाताना थोडं फुप्फुस घेऊन जातो. आमच्या डॉक्टरांनी हे त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. सर मान हलवत ऐकत होते, विद्यार्थी बरोबर उत्तर देतोय ना हे तपासत असल्यासारखे.

"विडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली."

"कधी?"

"जेवणानंतरची एक सोडून बाकी सगळ्या सोडल्यात. ती पचनासाठी असते. शास्त्र आहे ते."

काकू पदराआड खोकल्या. सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्या थांबल्या. खोकला असा कुणाच्या बघण्यानं थांबताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

कफाची बाटली कशी भरायची हे मी प्रत्येकाला तोंडी सांगते. सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्यानं चूळ भरून, खोलवरून खोकून काढलेला कफ हवा. थुंकी नको. आणि मुख्य म्हणजे जंतूंवरचं औषध सुरू करायच्या आधीचा हवा. मग कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला दाद देतो ते आम्हाला कळतं. सरांनी पहिली बाटली आणली ती पांढरी, पातळ, अगदी निर्मळ. ताप होता, छाती घरघरत होती, आणि बाटलीत मात्र काही वाढलंच नाही. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "सर, याच्याआधी काही गोळी घेतलीत का?"

"घेतली ना. दोन दिवस. घरात शिल्लक असतात."

"मी सांगितलं होतं की आधी कफ द्यायचा, मग गोळी."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "पाटील, शाळेची तपासणी असली की आपण काय करायचो? साहेब यायच्या आधी दोन दिवस शाळा झाडून, सारवून, फुलं लावून ठेवायचो की नाही? तपासणीला घाण शाळा दाखवायची असते का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. हा माणूस आयुष्यभर साहेबाला झाडलेली शाळा दाखवत आला आणि छातीही झाडून आणत होता. 'जंतूंची वाढ आढळली नाही' असे आमचे तीन रिपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरात घालून ठेवले होते आणि गावात दाखवत होते. लोक म्हणत, बघा, सरांची प्रतिकारशक्ती.

गोळ्या शिल्लक का असायच्या, तेही कळलं. पाच दिवसांच्या लिहून दिलेल्या गोळ्या ते दोन दिवस घ्यायचे. ताप उतरला की बंद. उरलेल्या तीन दिवसांच्या एका पत्र्याच्या डब्यात. गावात कुणाला खोकला, कुणाला गळू, कुणाच्या रेड्याला काही झालं, तरी सरांकडं यायचे. सर डबा उघडायचे, रंग बघायचे आणि द्यायचे. गावात त्याला 'सरांची गोळी' म्हणत आणि ती डॉक्टरांच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडते अशी समजूत होती. आपण चांगलं काम करतोय याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. शंका येणं हा त्यांच्या मते मंद विद्यार्थ्यांचा रोग होता.

एकदा त्यांनी थोडा बरा कफ आणला, म्हणजे आमच्या दृष्टीनं बरा, हिरवा. मी काचपट्टी रंगवली आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचपट्टीभर पू पेशी होत्या, दाटीवाटीनं.

"वा!" सर म्हणाले. "सैन्य भरपूर आहे."

"भरपूर आहे, सर. पण काम करत नाही. धुरानं अशी छाती झाली की आतल्या भक्षक पेशी जंतूंना नीट गिळत नाहीत. जंतू समोर असतो आणि त्या नुसत्या बसून राहतात. मग मदतीला ह्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी येतात. त्याही धड मारत नाहीत, आणि त्यांच्यातून जे तिखट द्राव बाहेर पडतात ते तुमच्याच फुप्फुसाच्या भिंती खातात. गर्दी वाढली म्हणजे संरक्षण वाढलं असं नाही. उलट आहे."

सर बराच वेळ डोळा लावून बसले. मला क्षणभर वाटलं, पोचलं.

"पुस्तकात असं नाही," ते उठत म्हणाले.

"पुस्तक जुनं झालं, सर."

"शास्त्र जुनं होत नसतं. तुझी काचपट्टी नीट धुतलेली नसेल."

इतका वेळ काकू दाराशी उभ्या होत्या. सरांना खुर्चीतून उठवताना त्या वाकल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ही बघण्यानं थांबणारी नव्हती. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, खांदे वर खाली होत होते, ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मी त्यांना बसवलं.

"काकू, हे कधीपासून?"

उत्तर सरांनी दिलं. "काही नाही तिला. मला बघून खोकते. बायकांना सवय असते, नवऱ्याला जे होतं ते आपल्यालाही होतंय म्हणायची."

"व्हय बाई," काकू म्हणाल्या. "मला न्हाई काय. धुराचं आसतंय जरा."

तेव्हा मला कळलं की या जोडप्यात आपण तपासतोय ते चुकीचं माणूस आहे.

धुराचं मी खोदून विचारलं. घरात गॅस होता. मुलगा सुहास शिरवळला एका कारखान्यात इंजिनियर, त्यानं छपरावर सौरबंबही बसवून दिला होता. पण सरांना ते पाणी चालायचं नाही. त्यात उष्णता असते पण 'गुण' नसतो, असं त्यांचं शास्त्र. त्यांना तांब्याच्या बंबातलंच पाणी लागायचं. बंब रोज पहाटे काकू पेटवायच्या. चिपाडं, शेणकुटं, ओली सुकी लाकडं जे असेल ते. न्हाणीघराला खिडकी नव्हती. ऊस तुटल्यावर शेतातला पाला जाळतात तो धूर वेगळा. काकूंनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. ओढायची गरजच नव्हती.

काकूंची फुंकर, म्हणजे फुप्फुसाचा जोर, तपासायचं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सुचवलं आणि सरांनी हसण्यावारी नेलं. दोनदा. नवऱ्यानं नको म्हटल्यावर काकू खुर्चीवर बसतील हे शक्य नव्हतं. शेवटी ती तपासणी झाली ती सरांच्याच अहंकारामुळं. फुंकर मारायच्या यंत्रावर त्यांचा आकडा त्या वेळी बराच खाली आला होता. सर भडकले.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"नाही सर, सकाळीच तपासलंय."

"मी सांगतो बिघडलंय. निरोगी माणसाला फुंकायला लाव, म्हणजे कळेल."

"बरं," मी म्हटलं. "काकू, या. तुम्ही निरोगी आहात ना?"

काकूंनी सरांकडं बघितलं. सरांनी हातानं जा म्हटलं, प्रयोगाला उंदीर सोडावा तसं. मी नळी तोंडात दिली, नाकाला चिमटा लावला. "पोटभर हवा घ्या आणि एका दमात सोडा. सोडत राहा, सोडत राहा, थांबू नका." त्या थांबल्या. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा आकडा तोच, आणि सरांच्या आकड्यापेक्षा कमी.

मी कागद छापून काढला आणि सरांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, लाल पेनानं काकूंच्या आकड्याखाली रेघ मारली आणि समाधानानं माझ्याकडं वळले.

"बघ. म्हणत नव्हतो? बिघडलेलंच आहे."

मी बऱ्याच प्रकारची माणसं बघितली आहेत. रिपोर्ट फाडणारी, देवाला नेऊन दाखवणारी, रडणारी. पण बायकोचं फुप्फुस निकामी झाल्याचा पुरावा हातात धरून यंत्राची चूक सिद्ध केल्याचा आनंद मानणारा माणूस मी एकच बघितला, आणि त्यानं मला शास्त्र शिकवलं होतं.

डॉक्टरांनी आवाज चढवला तेव्हा कुठं काकूंच्या नावाचा कागद तयार झाला. श्वासाचा वेगळा पंप, न्यूमोनियाची लस, बंब बंद. डॉक्टरांनी काकूंनाच सांगितलं, "तुमच्या छातीतली राखण करणारी यंत्रणाच दमलीय. साधा सर्दीताप झाला तरी चोवीस तासांच्या आत इकडं या. घरचा उपाय करत बसू नका. तुम्हाला ते परवडणारं नाही, जीव जाईल."

"मी बघतो तिच्याकडं," सर म्हणाले आणि कागदाची घडी करून फोल्डरात घातली.

काकूंचा हात तेव्हा कागद घ्यायला पुढं आला होता, तो तसाच पदराकडं गेला. तो कागद मी सरांकडून मागून काकूंना द्यायला हवा होता. सुहासला फोन करायला हवा होता, नंबर रजिस्टरात होता. मी केला नाही. जिन्याशी सर म्हणाले, "पाटील, शाळेत असताना तू बरी होतीस," आणि मी पन्नाशीची बाई, बोलू शकले नाही. याचा मला अजून राग आहे. बराचसा स्वतःवर.

लस झाली नाही. सरांचं म्हणणं, लसीनं आहे त्या सैन्याला आळस चढतो. वेगळा पंप आणला नाही. सरांचा वापरून संपत आला की उरलासुरला काकूंना. बंबाला मात्र सुट्टी नव्हती.

पुढच्या ऊसतोडीच्या हंगामात काकूंना ताप आला. सरांनी डबा उघडला. दोन दिवस गोळ्या दिल्या, ताप उतरला, गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी काकूंना उठून बसवेना. सुहास शिरवळहून गाडी घेऊन आला आणि बापाला न विचारता आईला उचलून सांगलीला घेऊन आला. बाप मागच्या सीटवर बसून आला, फोल्डर घेऊन. सुहासनं वाटेतूनच दवाखान्यात फोन केला. आमच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि काकूंचा तो एकुलता एक जुना रिपोर्ट घेऊन मीही तिथं गेले.

काकूंच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते. कफ घेतला होता, पण त्यात काही वाढणार नाही हे मला बघायच्या आधीच माहीत होतं. सरांनी दोन दिवस झाडून घेतलं होतं ना. जंतू आत जिवंत होता, बाटलीत मात्र येणार नव्हता, आणि डॉक्टरांना अंदाजानं औषध निवडावं लागणार होतं.

एक तरुण डॉक्टर पॅड घेऊन आली. सुहास औषधं आणायला खाली गेला होता. तिनं साहजिकच उभ्या असलेल्या पुरुषाला विचारलं.

"आजींना खोकला कधीपासून आहे?"

"दोन दिवस," सर म्हणाले.

"आणि धाप?"

"तीही तेवढीच. एरवी प्रकृती ठणठणीत. मी स्वतः लक्ष ठेवून असतो."

तिनं लिहून घेतलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात काकूंनी मास्क हातानं बाजूला केला.

"बावीस वर्सं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर वळली. "काय, आजी?"

"खोकला. बावीस वर्सं झाली. सुहास चौथीत हुता तवापास्नं. आन् धाप... धा वर्सं तरी आसंल. जिना चढवत न्हाई. झाडूनसुदिक हुत न्हाई."

"तिला तापात भास होताहेत," सर म्हणाले. "तू गप्प बस. दम लागेल."

डॉक्टरनं काकूंचा मास्क नीट लावला, आणि मग शहानिशा करायची म्हणून विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार."

"आत्ता कुठं आहात?"

"सांगलीला. दवाखान्यात."

"आणि हे कोण?"

काकूंनी सरांकडं बघितलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत, तीन पेनांसकट. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणूस जसं बघत नाही तसं.

"मास्तर हायत," त्या मास्कच्या आतून म्हणाल्या.

डॉक्टर पंचविशीची असेल. तिनं पॅडवरचा लिहिलेला कागद फाडला, स्टूल ओढून काकूंच्या उशाशी घेतलं, सरांकडं पाठ केली आणि पहिल्या प्रश्नापासून सगळं पुन्हा विचारायला लागली. दर उत्तराला मास्क बाजूला व्हायचा, दोन शब्द यायचे, पुन्हा लागायचा. वेळ लागत होता. ती थांबत होती. बंबाचं आलं, पंपाचं आलं, डब्यातल्या गोळ्यांचं आलं. काकूंना सगळं माहीत होतं. कोणत्या रंगाची गोळी, किती दिवस, कोणत्या महिन्यात. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. त्या रंगांवरून डॉक्टरांनी कोणत्या औषधांना जंतू सरावला असेल ते काढलं आणि ती टाळली. काकू वाचल्या त्या त्यांच्या स्वतःच्या उत्तरांवर वाचल्या. तिथून त्या सुहासबरोबर शिरवळला गेल्या त्या परत गावी नांदायला आल्या नाहीत. आता त्यांचा स्वतःचा पंप आहे. मधे फोनवर म्हणाल्या, "बाई, हितं मी एकटी भाजीला जाती. थांबत थांबत, पण जाती."

सर पुढं सव्वा वर्ष जगले. मी त्यांना पुन्हा बघितलं नाही. हॉस्पिटलातल्या त्या दिवशी त्यांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "शास्त्र असं सांगतं की..."

"काका, जरा बाहेर थांबा," डॉक्टर मान न वळवता म्हणाली.

ते गेले. वॉर्डच्या दाराला काच होती, तिच्यातून मला कॉरिडॉर दिसत होता. सर भिंतीला टेकून धापा टाकत उभे होते आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना हात हलवत काहीतरी समजावून सांगत होते. मावशी फडकं पिळून त्यांच्या पायापाशी येऊन थांबल्या होत्या. सरांचं वाक्य संपेना. शेवटी मावशींनी हातानं खूण केली. सरांनी बोलता बोलताच आधी एक पाय उचलला, मग दुसरा. मावशींनी त्यांच्याखालची फरशी पुसली आणि बादली घेऊन पुढं गेल्या. सर बोलतच होते.